उतार कुणाचा? हिमटोपी आणि हिमनदीच्या छेदचित्रांच्या प्रकल्प नोंदी

४ मे

काम ठरलं. दोन लांबलचक छेदचित्रं शेजारी शेजारी: डावीकडे हिमटोपी (डोंगरदऱ्या झाकून टाकणारा बर्फाचा घुमट), उजवीकडे दरीतून वाहणारी मोठी हिमनदी. चित्रं मैत्रीण काढणार. आकडे, मजकूर आणि त्यामागची स्प्रेडशीट माझ्याकडे. एकही रेघ अंदाजपंचे ओढायची नाही, एवढी एकच अट. बर्फ जाड दाखवला तर तेवढाच जाड का, हे आकड्यांतून निघालं पाहिजे.

पहिला वाद आकारावरूनच झाला. टोपी मोठी आणि हिमनदी लहान, असं बहुतेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. पण पेरूमधली केल्काया ही अस्सल हिमटोपी चाळीस-पन्नास चौरस किलोमीटरांत मावते, तर सियाचीन ७० किमीहून लांब आहे. अंटार्क्टिकातली लॅम्बर्ट हिमनदी तर ४०० किमीहून लांब. क्षेत्रफळाचा निकष लागतो तो टोपी आणि हिमचादर यांच्यात: ५०,००० चौ. किमीपर्यंत टोपी, त्यापुढे चादर. आज चादरी दोनच उरल्या आहेत, अंटार्क्टिकाची (सुमारे १ कोटी ४० लाख चौ. किमी) आणि ग्रीनलंडची (सुमारे १७ लाख).

टोपी आणि हिमनदी यांच्यातला खरा फरक मालकीचा आहे. दरीत जमीन बर्फाला वाट दाखवते. टोपीखाली डोंगर, दऱ्या सगळं गाडलं गेलेलं असतं आणि बर्फ स्वतःच्या पृष्ठभागाच्या उतारावरून चारी बाजूंना पसरतो. चित्रांच्या वर मोठ्या अक्षरांत प्रश्न टाकायचा ठरला: उतार कुणाचा?

७ मे

दोन्ही चित्रांना समान असलेला भाग आधी उरकला: हिमाचा बर्फ कसा होतो.

ताज्या हिमाची घनता घनमीटरला ५० ते १०० किलो, म्हणजे बहुतांश हवाच. उन्हाळा तगून राहिलेल्या हिमावर पुढच्या वर्षीचं हिम पडतं, खालचे कण गोल होतात, एकमेकांना चिकटतात, दाबले जातात. या दाणेदार मधल्या अवस्थेला फर्न म्हणतात. घनता ८३०च्या आसपास पोहोचली की कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि उरलेली हवा बुडबुड्यांत अडकते. तिथून पुढे तो बर्फ. पूर्ण घट्ट बर्फ ९१७ किलोचा.

किती वेळ लागतो, यात मात्र प्रचंड तफावत. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी झिरपून पुन्हा गोठतं अशा ठिकाणी काही वर्षांत काम होतं. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात हिम इतकं कमी पडतं आणि थंडी इतकी असते की त्यासाठी १०० मीटरच्या आसपास खोली आणि हजार-दोन हजार वर्षं लागतात. म्हणजे तिथल्या बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा बरीच तरुण असते. हे वाक्य पाटीवर ठेवायचं, जागा झाली तर.

१२ मे

आजचा दिवस टोपीच्या आकाराचा. १९५०च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ जॉन नाय यांनी मांडलेली सोपी कल्पना घेतली: तळाशी घासताना बर्फ सुमारे १०० किलोपास्कल एवढा ताण पेलतो, त्याहून जास्त झाला की सरकतो. मग सपाट जमिनीवरच्या टोपीची जाडी काठापासूनच्या अंतराच्या वर्गमुळावर ठरते. दोन्ही मापं मीटरमध्ये धरली तर वर्गमुळाला साधारण ४.७ने गुणायचं, बस्स.

वात्नायोकुल, आइसलँडची मोठी टोपी, क्षेत्रफळ ८,००० चौ. किमीच्या आसपास. ती गोल मानली तर त्रिज्या ५० किमी. स्प्रेडशीट म्हणते मध्यावर जाडी १,०५० मीटर. प्रत्यक्षात सर्वात जाड जागी ९५० मीटरच्या घरात. ग्रीनलंडसाठी अर्धी रुंदी ५०० किमी घातली तर ३,३०० मीटर येतात, आणि तिथला बर्फ खरोखरच तीन किलोमीटरहून जाड आहे. एका ओळीच्या गणिताला यापेक्षा जास्त काय मागायचं!

दोन गोष्टी चित्रासाठी महत्त्वाच्या. एक, उंची काठाजवळच पटकन चढते: काठापासून मध्यापर्यंतचा फक्त चौथा हिस्सा गेलात की निम्मी जाडी गाठलेली असते. म्हणून कड उभी आणि माथा जवळजवळ सपाट. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. या सूत्रात हिमवर्षाव कुठेच नाही. जास्त हिम पडलं म्हणून टोपी फारशी जाड होत नाही. ती रुंद होते आणि बर्फ वेगाने बाहेर ढकलते. जाडीसुद्धा रुंदीच्या मागोमाग रेंगाळतच वाढते, रुंदी दुप्पट झाली तर जाडी दीडपटही होत नाही.

१३ मे

सूत्र कुठे फसतं तेही पाहायला हवं होतं, म्हणून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार बेटांवरची औस्तफोन्ना ही टोपी घेतली. क्षेत्रफळ जवळपास वात्नायोकुलएवढंच, त्यामुळे गणिताचं उत्तरही तेच, हजार मीटरच्या वर. मोजलेली कमाल जाडी मात्र ६०० मीटरच्या आतली.

कारण तळात आहे. १०० किलोपास्कल ताण पेलायला तळाची पकड घट्ट हवी. औस्तफोन्नाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली, मऊ गाळावर टेकलेला आहे, आणि तिच्या काही खोऱ्यांतला बर्फ अधूनमधून एकाएकी धावत सुटतो. या प्रकाराला सर्ज म्हणतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ब्रोसवेलब्रीन हा तिचा एक भाग असाच समुद्रात घुसला होता. २०१२मध्ये दुसऱ्या एका खोऱ्याने तेच केलं. निसरड्या तळावर टोपी पसरट होणारच. वात्नायोकुलच्या कडेने बाहेर पडणाऱ्या बर्फाच्या जिभाही धाव घेतात, तेव्हा फरक फक्त धावण्याचा नाही, समुद्राखालच्या गाळाचाही आहे.

डाव्या चित्रात आता दोन रेघा: घट्ट तळावरचा आकार ठळक, निसरड्या तळावरचा तुटक.

१९ मे

उजवं चित्र. दरीत सूत्र उलटं वाचायचं: उतार जमिनीने दिलेला असतो आणि त्यावरून जाडी निघते. उतार जितका कमी, तितका बर्फ जाड साचल्याशिवाय हलत नाही. सियाचीनच्या वरच्या टोकाला इंदिरा कोल ५,७५३ मीटरवर, मुख सुमारे ३,६०० मीटरवर. ७०हून अधिक किलोमीटरांत दोन हजार मीटरची घसरण, म्हणजे सरासरी उतार दोन अंशांपेक्षाही कमी. दरीच्या भिंतीही बर्फ धरून ठेवतात, तो हिशेब धरला तर जाडी ५०० मीटरच्या आसपास यायला हवी. हे माझ्या सूत्राचं उत्तर आहे, मोजमाप नव्हे. चित्रात तसं लिहायचं.

मैत्रिणीचा प्रश्न रास्त होता: बघणाऱ्याला पहिल्या नजरेत फरक कशावरून कळेल? माझं उत्तर, दगडांवरून. दरीतल्या हिमनदीच्या डोक्यावर कडे असतात. तिथून दरडी आणि हिमप्रपात कोसळतात, दोन्ही कडांना दगडगोट्यांच्या रांगा जमतात. दोन हिमनद्या मिळाल्या की आतल्या बाजूच्या रांगा एक होऊन मधोमध काळा पट्टा वाहू लागतो. काराकोरममधल्या बाल्टोरोवर असे पट्टे शेजारी शेजारी मैलोन् मैल जातात आणि खालच्या टप्प्यात सगळा बर्फच राडारोड्याखाली झाकला जातो. टोपीच्या वर मुळी काही नसतंच. कोसळणार कुठून? म्हणून ती स्वच्छ पांढरी.

हा राडारोडा नुसता दिसण्यापुरता नाही. पातळ थर ऊन शोषून वितळणं वाढवतो, तर जाड थर पांघरूण होऊन बर्फ राखतो. त्यामुळे अशा हिमनदीचं मुख जागच्या जागी राहूनही मधला भाग पातळ होत जाऊ शकतो. मुख किती मागे हटलं, एवढ्यावरून तब्येत जोखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

२४ मे

प्रमाणाचं भांडण. एक मीटर कागदावर १०० किमी रुंदीची टोपी काढली तर तिची जाडी भरते एक सेंटिमीटर. दिसणारच नाही काही. उंची दहापट ताणायची ठरलं, पण त्याने घुमट भलताच डोंगरासारखा दिसतो. प्रत्यक्षात पृष्ठभागाचा उतार सरासरी एक अंशाच्या थोडा वर. टोपीवर उभ्या असलेल्या माणसाला तो घुमट आहे हे कळणारही नाही. तेव्हा खाली खऱ्या प्रमाणातली एक बारीक पट्टीही छापायची. मला ती पट्टीच जास्त बोलकी वाटते, पण चित्रकाराशी वाद घालू नये.

२८ मे

वेगाचा भाग. जॉन ग्लेन यांनी १९५०च्या दशकात प्रयोगशाळेत बर्फाचे ठोकळे दाबून दाखवलं की ताण दुप्पट केला तर विरूपणाचा, म्हणजे बर्फाचा आकार बदलत जाण्याचा, वेग दुप्पट नाही, साधारण आठपट होतो. म्हणूनच नायचं 'ठराविक ताणापर्यंत पेलतो, मग सरकतो' हे ढोबळ वर्णन इतकं जवळ जातं.

स्प्रेडशीटमध्ये ३०० मीटर जाड बर्फ, १०० किलोपास्कल ताण, तापमान वितळणबिंदूवर. नुसत्या विरूपणाने पृष्ठभागाचा वेग वर्षाला ११ मीटर आला. बाकी काही न बदलता तापमान उणे १० अंश केलं: दीड मीटर आणि वर थोडं. तळाशी पाणी असलं तर घसरण्याचा वेग यात वेगळा मिळवायचा, आणि तोच पुष्कळदा मोठा असतो. ग्रीनलंडच्या पश्चिमेला याकोब्सहावन हिमनदीने २०१२च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरहून जास्त वेग गाठला होता. ती दरीसारख्या खोल खंदकातून वाहते, पण तिला बर्फ पुरवते ती मागची अख्खी चादर. टोप्यांच्या कडेलाही अशाच जिभा बाहेर पडतात. बर्फ तोच; माथ्यावर असताना टोपीचा, कडेला दरीत शिरला की हिमनदीचा. या जिभेसाठी डाव्या चित्राच्या कडेला जागा सोडून ठेवायची.

हालचाल थांबली तर? आइसलँडमध्ये ओक्योकुल २०१४मध्ये हिमनद्यांच्या यादीतून वगळली गेली, २०१९मध्ये तिथे स्मृतिफलकही बसला. बर्फाचे तुकडे तिथे होतेच, पण स्वतःच्या वजनाने सरकण्याइतकी जाडी उरली नव्हती. पाच अंशांच्या उतारावर ३० मीटर बर्फ घालून पाहिला: ताण २३-२४ किलोपास्कल, विरूपण आधीच्या जेमतेम एक-सव्वा टक्का. म्हणजे वाहणं थांबून पडून राहणं सुरू झालं.

२ जून

तळाच्या पाण्यासाठी वेगळी चौकट हवी, कारण 'उतार कुणाचा' याचा सर्वात जोरदार पुरावा तिथेच मिळतो. बर्फाखालच्या पाण्यावर वरच्या बर्फाचा दाब असतो. हिशेब केला तर पृष्ठभागाच्या उताराचा जोर तळाच्या उतारापेक्षा अकरापट भरतो (९१७ भागिले ८३, पाणी आणि बर्फ यांच्या घनतेतला फरक). थोडक्यात, टोपीखाली पाणी खुशाल चढावर जातं, जोवर वरचा बर्फ त्या दिशेला उतरता आहे.

वात्नायोकुलखाली ग्रिम्सव्होत्न ज्वालामुखी आहे. त्याच्या उष्णतेने वरचा बर्फ वितळून पृष्ठभागावर खळगा पडतो, आणि पाणी त्या खळग्याखाली सरोवर होऊन साचतं. १९९६च्या सप्टेंबरअखेर जवळच उद्रेक झाला, वितळलेलं पाणी महिनाभर या सरोवरात जमत राहिलं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते बर्फ उचलून बाहेर पडलं. ऐन भरात असताना लोंढा सेकंदाला सुमारे ५०,००० घनमीटर होता; दक्षिणेच्या वाळूच्या मैदानावरचे पूल गेले. उद्रेकानंतर धोका कुठे, हे सांगायला तिथले शास्त्रज्ञ टोपीच्या पृष्ठभागाचा नकाशा बघतात, तो यामुळे.

८ जून

प्रकल्पातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा भाग आज स्प्रेडशीटमध्ये बसला.

समतोल रेषा म्हणजे जिच्या वर वर्षाकाठी हिम शिल्लक पडतं आणि खाली बर्फ घटतो ती उंची. समुद्रसपाटीवरच्या सपाट जमिनीवर ५० किमी अर्ध्या रुंदीची टोपी ठेवली. माथा १,०५० मीटर, पृष्ठभागाची सरासरी उंची त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ७०० मीटर. समतोल रेषा बरोबर ७००वर ठेवली तर जमाखर्च जुळतो. ती ७५०वर नेली की टोपी थोडी वितळते, त्याने तिची उंची कमी होते, त्यामुळे ती आणखी उबदार हवेत येते, आणखी वितळते... आणि संपूनच थांबते. ६५०वर आणली की उलटं: वाढते, उंचावते, आणखी वाढते, आणि माझ्या स्प्रेडशीटमध्ये तरी पृथ्वी झाकल्याशिवाय राहत नाही. खऱ्या जगात समुद्र कडा तोडतो आणि उंच माथ्यावरची थंड, कोरडी हवा हिमवर्षाव कमी करते, म्हणून वाढीला लगाम बसतो. गुनार बोदवार्सन यांनी १९५५मध्ये आणि पुढे १९६१मध्ये योहानेस वीर्टमन यांनी हा अस्थिरपणा गणिताने मांडला होता.

आता हेच दरीत. हवा तापली, समतोल रेषा वर सरकली, हिमनदीचं खालचं टोक वितळून मागे हटलं. पण मागे हटणं म्हणजे वर चढणं. गमावलेला भाग सर्वात खालचा असल्याने उरलेल्या हिमनदीची सरासरी उंची वाढते, आणि ती नव्या हवामानाशी जुळवून कुठेतरी थांबू शकते. डोंगराने तिला दिलेली उंची बर्फ वितळला म्हणून जात नाही. टोपीची उंची मात्र तिच्या स्वतःच्या बर्फाची असते. बर्फ गेला की उंचीही गेली.

कागदावरचं नाही हे. वात्नायोकुलच्या तळाचा बराचसा भाग आजच्या समतोल रेषेच्या खाली आहे. ती आज उचलून नेली तर आजच्याच हवामानात तशीच पुन्हा तयार होणार नाही. कॅनडाच्या बॅफिन बेटावरची बार्न्स टोपी तर हिमयुगात उत्तर अमेरिकेवर पसरलेल्या लॉरेंटाइड चादरीचा उरलेला तुकडा आहे, तिच्या तळाजवळ त्या काळचा बर्फ अजून सापडतो. ती आहे म्हणूनच आहे.

सुरुवात मग होते कशी? पठारावर. दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात समतोल रेषा शंभर मीटर खाली आली तर थोडासाच नवा भाग तिच्या वर येतो. उंच, सपाट पठारावर तेवढ्याच बदलाने सगळं पठार एकदम वर येतं, उन्हाळ्यात न वितळलेलं हिम सगळीकडे एकाच वेळी जाड होऊ लागतं. दऱ्यांमधून हिमनद्या हळूहळू येऊन मिळण्याची वाट बघावी लागत नाही.

९ जून

कालच्याला एक पुरवणी. बदलाला प्रतिसाद द्यायला लागणारा काळ ढोबळमानाने जाडी भागिले मुखाशी वर्षाला वितळणारा बर्फ. २०० मीटर जाड आणि मुखाशी ५ मीटर वितळ असलेली हिमनदी: ४० वर्षं. ५०० मीटर जाड, कडेला वर्षाला एखाद मीटर वितळणारी थंड टोपी: ५०० वर्षं. आज दिसणारी टोपी कुठल्या हवामानाला उत्तर देते आहे, हा प्रश्न त्यामुळे सरळ नाही.

१४ जून

खालच्या जमिनीची चित्रं. उजवीकडे सोपं: हिमनदीने खरवडलेली, 'यू' आकाराची दरी, डोक्याशी हिमगव्हर (खुर्चीसारखा खोलगट खळगा), तोंडाशी हिमोढ (बर्फाने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग). तळ वितळणबिंदूवर असतो, बर्फ घसरतो आणि तळात रुतलेले दगड खडक घासतात.

डावीकडे मैत्रिणीने सवयीने तसाच खरवडलेला खडक काढायला घेतला होता. थांबवलं. पातळ, अतिथंड टोपीचा तळ जमिनीला गोठून चिकटलेला असतो. हालचाल होते ती वरच्या बर्फात. बॅफिन बेटावर अशा छोट्या टोप्या मागे हटताना खालून जागच्या जागी चिकटून राहिलेली शेवाळं उघडी पडली, आणि त्यातल्या काहींचं वय ४०,००० वर्षांहून जास्त निघालं. केल्कायाच्या काठाशीही सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या वनस्पती बर्फाबाहेर आल्या. हजारो वर्षं शेकडो टन बर्फ डोक्यावर, आणि पान जागचं हललं नाही! डाव्या चित्राच्या काठाला आता शेवाळाचा एक गुच्छ आहे, दहापट ताणलेला.

याच शांततेमुळे जुन्या हवामानाचे नमुने घ्यायला घुमटाचा माथा निवडतात. तिथे बर्फ आडवा जवळजवळ जातच नाही, नुसता खाली बसत राहतो, त्यामुळे वर्षांचे थर ओळीने लागतात. १९८३मध्ये लॉनी थॉम्पसन यांच्या तुकडीने केल्कायाच्या माथ्यावर ५,६७० मीटर उंचीवर छिद्र पाडलं, तेव्हा जड यंत्रं तिथे नेणं शक्य नसल्याने सौरऊर्जेवर चालणारा ड्रिल वापरला. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या नमुन्यात ८,००,००० वर्षांचा हिशेब मिळाला. दरीतल्या हिमनदीच्या मधोमध असं छिद्र पाडलं तर दहा ठिकाणचा घुसळलेला बर्फ हाती येईल.

१८ जून

शेवटचा अडलेला मुद्दा: दक्षिण पॅटागोनिया. तिथे १२,००० चौ. किमीहून जास्त बर्फ एकसंध पसरलेला आहे, तरी ती टोपी नव्हे, हिमक्षेत्र. डोंगरांची शिखरं बर्फातून वर आलेली आहेत आणि बर्फ त्यांच्यामधल्या वाटांनीच निघतो. दोन चित्रांच्या मधे तिसरं, अरुंद चित्र घालायचं ठरलं. त्यात पृष्ठभागाची रेघ डावीकडून घुमटासारखी येईल, शिखरांना अडखळेल आणि उजवीकडे दरीत उतरेल. जाडीचे आकडे या चित्रावर लिहायचे नाहीत. माझं सूत्र ना सपाट जमिनीचं इथे लागू पडतं, ना एकाच उताराच्या दरीचं.

मजकूर उद्या छपाईला. मैत्रिणीला शेवाळाचा रंग बदलायचा आहे, तेवढं बाकी.